पोरांची टीम करून सायन्सच्या स्पर्धेत उतरायचंय, कुठली धरू?

रंकाळ्याकडची

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या. आमच्या अपार्टमेंटात आणि मागच्या गल्लीत मिळून पाच पोरं आहेत, दोन नववीत, दोन आठवीत (त्यातली एक आमची) आणि एक सातवीतलं बारकं. शाळा तीन वेगवेगळ्या. मे महिन्यात या पाच जणांनी कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून सायकलच्या पंपानं हवा मारून रॉकेट उडवायचा उद्योग केला, आणि चौथं की पाचवं रॉकेट थेट गच्चीवर काकूंच्या सांडग्यांवर जाऊन बसलं. काकूंची समजूत काढली कशीबशी. पण त्या दिवसापासून पोरं वहीत लिहायला लागलीत, बाटलीत पाणी किती, पंप किती मारले, उडालं कुठल्या मजल्यापर्यंत. आपणहून, मी एक शब्द बोललेलो नाही.

आता त्यांना स्पर्धा पाहिजे आणि ती पाचही जणांना एकत्र पाहिजे, इथंच गाडी अडलीय. होमी भाभा बाल वैज्ञानिक आमच्या पोरीनं सहावीत दिली होती, परीक्षा चांगली आहे, लेखी मग प्रॅक्टिकल वगैरे, पण ती ज्यानं त्यानं एकट्यानं द्यायची. शाळेतनं ऑलिंपियाडचे फॉर्म येतात ते म्हणजे गोल काळे करायचे. एका रोबोटिक्सच्या क्लासात चौकशी केली, त्यांनी वर्षाचा जो आकडा सांगितला तेवढ्यात सेकंडहँड ॲक्टिवा येते.

आणि दुसरी भीती अशी की गेल्या वर्षी एका विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो, कुठल्या ते सांगत नाही, तिथं नंबर आलेल्या मॉडेलजवळ उभ्या पोराला आमच्या पोरीनं सहज विचारलं की ही मोटर किती व्होल्टची, तर त्यानं बाबांकडं बघितलं. बाबा म्हणाले बारा. पोरगी घरी येईपर्यंत गप्प होती.

तर खरोखर टीमनं करायची, खिशाला परवडणारी आणि पोरांनीच करायची अशी कुठली स्पर्धा आहे का? तीन शाळांची पोरं एका टीममध्ये चालतात का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, गुगल मी पण करतो.

खडूफळा

मी भुदरगड तालुक्यात माध्यमिकला विज्ञान शिकवतो, बरीच वर्षं झाली. तुम्ही राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद बघा. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं १९९३ ला सुरू केलेली, वयोगट दोन, १० ते १४ आणि १४ ते १७. जिल्हा, मग राज्य, मग देश अशी चढण आहे. यात मॉडेल बनवून थर्माकोलवर चिकटवायचं नसतं, आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घ्यायचा आणि तो मोजायचा. खर्च म्हणाल तर वही, चार्टपेपर आणि एसटीचं तिकीट. शाळेबाहेरची मुलंही भाग घेऊ शकतात. अडचण एकच, पूर्वी पाच जणांचा गट चालायचा, नंतर तो दोघांवर आणला. म्हणजे तुमच्या पाचांचे दोन गट होतील आणि एक जण उरेल. त्या एकाचं काय करायचं ते आधी ठरवा, नाहीतर गल्लीत भांडणं लागतील.

एक अनुभव सांगतो. आमच्या पोरांनी गुऱ्हाळ घेतलं होतं. गूळ उतरवायची वेळ गुळव्याला कशी कळते, एवढाच प्रश्न. पोरं शाळेतला थर्मामीटर घेऊन गेली, तो ११० अंशांपर्यंतचा. काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, पाक ११८ च्या आसपास जातो तेव्हा गूळ उतरवतात हे त्यांना कुठं माहीत, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पारा वर जाऊन टेकला, चुलवाणावर जाळ घालणाऱ्या बापूंनी ओरडून थर्मामीटर बाहेर काढायला लावला. गुळव्यानं काय केलं, वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकला, बोटानं गोळी वळली, कानाजवळ नेऊन वाटीवर वाजवली आणि म्हणाला, हां, उतरवा. दुसऱ्या खेपेला आम्ही २०० अंशांचा थर्मामीटर मागून नेला. एका पोरानं तापमान वाचायचं आणि दुसरीनं गुळव्याकडंच बघायचं, त्यानं उतरवा म्हटलं की वेळ लिहायची. थर्मामीटरवाल्यानं गुळव्याला आकडा सांगायचा नाही असा नियम पोरांनीच केला. अकरा काहिली बघितल्या त्यांनी. गुळव्याची बोटं आणि थर्मामीटर यात दोन-तीन अंशांपलीकडं फरक पडला नाही.

जिल्ह्याला परीक्षकांनी वही उघडली, एका पानावर खाडाखोड होती. हे काय म्हणून विचारलं. पोरगी म्हणाली, सर त्या दिवशी धूर डोळ्यात गेला म्हणून मी चुकीचं वाचलं, ते खोडलंय पण पुसलं नाही. परीक्षक नंतर पंधरा मिनिटं त्या पोरांजवळच बसले होते. आमचा प्रकल्प राज्याला गेला नाही ते सोडा.

तुम्ही कोल्हापूर शहरात आहात तर तुमच्याकडं विषय तर दारात येऊन पडलाय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे पावसाळ्यात रोज व्हॉट्सॲपवर येतं. पण कितव्या फुटाला कुठल्या गल्लीत कुठल्या घराच्या पायरीला पाणी लागतं? २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतो तशी लेव्हल नळी घ्या आणि त्या खुणांची उंची काढा. दोन पोरं नळी धरणार, एक लिहिणार, एक घरोघर विचारणार. पाच जणांचं काम आहे ते, कागदावर नावं दोनच आली तरी.

लेगोवेडा

दादा, रोबोटिक्स एवढ्यात सोडू नका हो. मी आता इंजिनिअरिंगला आहे, शाळेत असताना दोन वर्षं फर्स्ट लेगो लीग खेळलोय. डीन केमन यांनी १९८९ ला फर्स्ट ही संस्था काढली आणि नंतर लेगोबरोबर ही लहान पोरांची स्पर्धा सुरू केली. टीम दोनपासून दहा जणांपर्यंत, त्यामुळं पाच जण आरामात बसतात, आणि टीम शाळेचीच पाहिजे असं नाही, गल्लीची पण चालते. आठ बाय चार फुटाच्या आसपासचं टेबल, त्यावर मिशन, म्हणजे रोबोटनं करायची कामं, मांडलेली, रोबोटला अडीच मिनिटं. पण रोबोट म्हणजे पाव भाग. मार्कांचे चार सारखे हिस्से असतात, टेबलावरचा खेळ, रोबोट कसा बनवला ते, एक संशोधनाचा प्रोजेक्ट, आणि टीम म्हणून एकमेकांशी कसं वागता ते. शेवटच्यावर पोरं हसतात, पण तिथंच आमचे मार्क गेले होते, कारण परीक्षकांनी आमच्यातल्या एकाला विचारलं की तू काय केलंस आणि उत्तर मी दिलं.

मोठ्या माणसांचा हात लागायचा प्रश्नच नाही. मॅच चालू असताना कोच बाजूला, टेबलाशी फक्त पोरं.

आमची फजिती सांगतो, तुमच्या पोरांना उपयोगी पडेल. घरी रोबोट रोज बरोबर पोचायचा, स्पर्धेत चार बोटं पुढं जाऊन भिंतीला धडकला. सगळ्यांना वाटलं चाक सैल झालं. झालं होतं असं की प्रोग्राममध्ये आम्ही ‘दोन सेकंद पुढं जा’ लिहिलेलं, घरी बॅटरी अर्धी असायची आणि स्पर्धेच्या दिवशी आईनं रात्रभर चार्जिंगला लावलेली. भरलेल्या बॅटरीवर मोटर जोरात फिरते, तेवढ्याच दोन सेकंदांत जास्त अंतर. त्यानंतर आम्ही सेकंद सोडले आणि चाक किती अंश फिरलं ते मोजायला लागलो. हे शिकायला ट्रॉफीपेक्षा महाग दिवस गेला.

खर्च मात्र आहे, खोटं बोलत नाही. किट महाग, प्रवेश फी वेगळी, प्रवास वेगळा. म्हणून आधी एक काम करा, तिन्ही शाळांपैकी एकीत अटल टिंकरिंग लॅब आहे का बघा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना मिळून वीस लाखांपर्यंत मिळतात त्यासाठी, सहावी ते बारावीच्या पोरांना वापरायला. काही ठिकाणी लॅबला कुलूप असतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, ती मागा. अटलचीच मॅरेथॉन नावाची स्पर्धा असते (पळायची नव्हे), तिच्यात छोट्या टीम चालतात.

दहावी_महत्त्वाची

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नववीची पोरं आहेत, पुढच्या वर्षी बोर्ड. हे सगळं करून मार्क किती वाढतात? मेडिकल इंजिनिअरिंगला गुऱ्हाळ विचारत नाहीत.

उद्यमनगरचा_फिटर

वरच्या साहेबांना सांगतो, माझ्याकडं डिप्लोमा झालेली पोरं येत्यात कामाला, व्हर्नियर हातात दिला की उलटा धरत्यात. गुऱ्हाळ विचारत न्हाईत खरं, पण मोजायला तर विचारत्यात की ओ.

आता मूळ प्रश्नाचं. स्पर्धा मागनं बघा. आधी पोरास्नी एक काम द्या आणि कुणाला काय जमतंय ते बघा. आईस्क्रीमच्या काड्या न्हाईतर खराट्याच्या काड्या घ्या, फेविकॉल घ्या, आणि सांगा एक हात उंच मनोरा करा. वर बादली टांगायची आणि तांब्या तांब्यानं वाळू ओतायची, मोडंपातूर. मोडला की वाळू वजन करायची, मनोऱ्याचं वजन करायचं, आणि भागाकार. जास्त वजन पेलला तो भारी न्हवं, स्वतःच्या वजनाच्या किती पट पेलला ते भारी. पोरं काय करत्यात तर फेविकॉल थापत्यात लिंपणासारखा. मग मनोरा जड, आणि मोडतोय तरी काडीतच, सांध्यात न्हाई. आमच्या वेल्डिंगच्या पोरांचं पण तसंच असतंय, चार ठिकाणी जादा टाके मारून ठेवत्यात.

आणि एक, मोडताना मोबाईलवर स्लो मोशनमधी शूटिंग करा. पयली कुठली काडी वाकली ते डोळ्याला दिसत न्हाई. कापायला काय लागलं तर रविवार सोडून कधी पण या, लेथला हात लावून देणार न्हाई, पण हॅकसॉ ब्लेड आणि पॉलिश पेपर देतो. चहा माझ्याकडनं.

भाच्याचा_मामा

फिटर भाऊ, तुम्ही जे सांगितलं ना ती अमेरिकेतल्या सायन्स ऑलिंपियाडमधली इव्हेंट आहे जवळजवळ! माझा भाचा न्यूजर्सीत आहे, तो खेळतो. आपल्याकडचे गोल काळे करायचे ऑलिंपियाड आणि हे, नाव सोडलं तर काही संबंध नाही. तिकडं हे १९८४ पासून चालू आहे. एका टीममध्ये १५ पर्यंत पोरं, आणि एका दिवसात २३ इव्हेंट. सहावी ते नववी एक गट, नववी ते बारावी दुसरा. काही इव्हेंट पेपरच्या, काही लॅबच्या, काही घरनं बनवून आणायच्या, मनोरा, पूल, उंदराच्या सापळ्याच्या स्प्रिंगवर चालणारी गाडी असलं. बहुतेक इव्हेंटला दोघं दोघं जातात. मजा मार्कांच्या पद्धतीत आहे. प्रत्येक इव्हेंटमध्ये तुमचा जो नंबर येईल त्या नंबरांची बेरीज करायची आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ते जिंकले. म्हणजे एक हुशार पोरगा तीन इव्हेंटमध्ये पहिला आला आणि बाकीच्यांनी काहीच केलं नाही तर टीम आपटली. आपल्याकडं ‘आमच्या शाळेचा अमुक’ म्हणून एकाच पोराचा बॅनर चौकात लागतो, तिथं तसं करून चालतच नाही.

त्यात एक इव्हेंट आहे जी तुम्ही आज रात्री घरी करू शकता, फुकट. ‘लिही आणि कर’ म्हणा मराठीत. एक पोरगं आतल्या खोलीत एक विचित्र वस्तू बघतं, स्ट्रॉ, पेपर कप, टाचण्या, रबर, काहीही जोडून केलेली, आणि ती कशी बनवायची ते नुसतं लिहितं. चित्र काढायचं नाही. मग तो कागद जोडीदाराकडं जातो, त्यानं ती वस्तू बघितलेलीच नाही, त्यानं फक्त वाचून बनवायची. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. भाच्याची टीम पहिल्या वर्षी यात शेवटून दुसरी आली होती आणि तो दोन दिवस जोडीदाराशी बोलत नव्हता.

खडूफळा

मामांनी ऑलिंपियाडचा विषय काढलाय म्हणून, एक खरी सांघिक स्पर्धा आंतरराष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडमध्येही असते. देशातर्फे सहा मुलं जातात आणि प्रयोगाचा पेपर तिघांच्या टीमनं सोडवायचा असतो. २०१३ ला ही पुण्यात झाली होती. पण तिथपर्यंतच्या सगळ्या चाळण्या एकट्यानं पार करायच्या, त्यामुळं तुमच्या पोरांच्या ‘आम्ही पाचही जण’ला ती उपयोगाची नाही.

रंकाळ्याकडची

सगळ्यांचे लय आभार. पहिलं म्हणजे लेगोवेडा, दादा नव्हे, ताई! कोल्हापूरच्या बायका मी जातो, मी करतो असंच बोलतात, पुण्यामुंबईकडचे आहात वाटतं.

दहावी_महत्त्वाची, राग नाही आला. नववीतल्या एका पोराच्या आईचं पण हेच म्हणणं आहे, तिनं रविवारी सकाळी ९ ते ११ एवढीच परवानगी दिलीय, आणि तेवढी पुरे आहे.

काल ‘लिही आणि कर’ केलं. वस्तू मीच बनवली, उलटा पेपर कप, त्यात तिरका स्ट्रॉ, स्ट्रॉच्या टोकाला बटाट्याचा तुकडा आणि त्यात तीन टूथपिक. आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे पोरीनं, लिहिलं, ‘कपाला डावीकडं भोक पाडा आणि स्ट्रॉ वायच तिरका घाला.’ कुणाच्या डावीकडं? वायच म्हणजे किती? जोडीदारानं स्ट्रॉ असा घातला की बटाटा टेबलावर टेकला. भांडण झालं, मोठं. मग सातवीतल्या बारक्यानं, जो एरवी तोंड उघडत नाही, त्यानं लिहिलं, ‘कप उलटा ठेव. कपावरचं लाल अक्षर स्वतःकडं कर. आता घड्याळ आठव. तीन वाजता काटा असतो तिथं भोक. स्ट्रॉ दोन वाजल्यासारखा वर कर.’ पहिल्या फटक्यात जमलं. नववीतली पोरं आता त्याला ‘सर’ म्हणून हाक मारताहेत, तो लाजतोय.

फिटर दादा, मनोऱ्याचं साहित्य आणलंय लक्ष्मीपुरीतनं. अडचण वजनाची आहे. घरच्या किचनच्या काट्यावर मनोऱ्याचं वजन कधी १८ दाखवतो कधी २४. भागाकार कसा करायचा?

उद्यमनगरचा_फिटर

ताई, गुजरीत कुणी सराफ ओळखीचा असंल तर त्याच्या काट्यावर ठेवा. दुपारी एक-दोनला जावा, गिऱ्हाईक नसतंय. बांगडीच्या वजनाला जो काटा चालतोय तो काडीच्या मनोऱ्याला पण चालंल. वाळूला मात्र किराणा दुकानाचा काटा.

लेगोवेडा

सॉरी ताई! मी नाशिकचा आहे. आणि बारक्याला माझ्याकडनं एक आयस्क्रीम.

रंकाळ्याकडची

तीन आठवड्यांनी येतोय.

सराफ मिळाले, आमच्या सासऱ्यांच्या ओळखीचे. आधी म्हणाले हे काय आणलंय, मग स्वतःच काट्याचं काचेचं झाकण लावून, पंखा बंद करून वजन केलं. पंखा का बंद केला हे बारक्यानं विचारलं तर त्यांनी झाकण उघडून काट्यावर नुसती फुंकर मारून दाखवली, आकडे नाचायला लागले. पोरं तिथंच अर्धा तास रमली, मी बाहेर चपलांजवळ उभी. उभा. जाऊ दे.

पहिला मनोरा २२ ग्रॅम, ६ किलो ४०० ला मोडला. म्हणजे जवळजवळ २९१ पट. दुसरा दोघी मुलींनी केला, फेविकॉल टाचणीच्या टोकानं लावला, १५ ग्रॅम भरला आणि ५ किलो १०० लाच मोडला. नववीतली पोरं नाचायला लागली की आम्ही जिंकलो. मुलींनी भागाकार केला, ३४०. मग शांतता. स्लो मोशन बघितलं तर दोन्हीत खालून दुसऱ्या टप्प्यातली आडवी काडी आधी वाकलीय, एकाच जागी. आता तिसरा मनोरा पाच जण मिळून करताहेत आणि तिथं तिरकी काडी टाकायची का दोन आडव्या यावर काल जिन्यात दीड तास वाद चालला होता.

स्पर्धेचं असं ठरलंय की बाल विज्ञान परिषदेला पुराच्या खुणांचा विषय घेऊन दोन गट करायचे, शुक्रवार पेठेचा एक आणि कुंभार गल्लीचा एक, आणि बारका दोन्हीकडं सूचना लिहिणार, त्याला तेच पाहिजे म्हणतो. एका शाळेच्या विज्ञानाच्या बाई मार्गदर्शक व्हायला तयार झाल्यात. अटल लॅबची किल्ली मागितलीय, अजून मिळालेली नाही.

खडूफळा सर, एक विचारायचं होतं. लेव्हल नळीत हवेचा बुडबुडा राहतो आणि दोन्हीकडची पातळी चुकते, पोरांनी काल चार वेळा नळी भरली आणि चारी वेळा निघाला. गवंडी काय करतात?

खडूफळा

नळीचं एक टोक उंच ठेवलेल्या बादलीत बुडवा, दुसऱ्या टोकानं ओढून पाणी सोडून द्या, तशी भरली की बुडबुडा राहत नाही. नळातनं थेट भरू नका. आणि मोजायच्या आधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पातळी एकच येते का ते बघा, आली नाही तर परत भरा. हे बघितल्याचं वहीत लिहायला सांगा, वेळेसकट.